घोरणाऱ्याच्या उशाशी

कवी व्यासपीठावर डोळे मिटून बसला, तर लोकांना वाटतं चिंतन चाललंय. या एका सवलतीवर माझी पाच-सहा वर्षं निभावून गेली. कविसंमेलनात माझ्या आधीच्या कवीनं कागद उघडला की माझे डोळे मिटायचे, मान खाली जायची. समोरच्यांना वाटायचं, बुवा तल्लीन झालेत. एकदा मात्र सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या आणि समोरच्या माइकमधून सभागृहाला ऐकू आलं ते माझं घोरणं. शेजारच्या कवीनं कोपरानं ढोसलं. मी दचकून उठलो, ‘ही माझी ताजी रचना होती’ असं म्हणालो आणि वेळ मारून नेली. लोक पोट धरून हसले.

घरी आल्यावर हा किस्सा बायकोला रंगवून सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, ‘‘दिवसा तुम्ही झोपता त्याचं लोकांना हसू येतं. रात्री तुम्ही काय करता ते मला ठाऊक आहे. घोरता घोरता एकदम गप्प होता. छाती हलते, पण श्वास आत जात नाही. मी मोजत बसते. वीस, पंचवीस, तीस. मग पाण्यातून वर आल्यासारखा हिसका देऊन श्वास घेता. रोज रात्री मरता आणि परत येता. आणि सकाळी मलाच विचारता, झोप झाली का?’’

हे ऐकून मी गप्प झालो. कारण तिनं सांगितलेलं सगळं मी लहानपणी माझ्या घरात पाहिलं होतं.

माझे अब्बा मिरजेत शिलाईकाम करायचे. अंगानं भरलेले, मान आखूड आणि जाड. ते घोरू लागले की गल्लीतली कुत्रीही गप्प होतात, असं आम्ही भावंडं म्हणायचो. अम्मी मात्र त्यांच्या घोरण्याला कधी वैतागली नाही. घोरणं थांबलं की ती उठून बसायची. अंधारात त्यांच्या खांद्याला हात लावायची, त्यांना कुशीवर वळवायची आणि घोरणं पुन्हा सुरू झालं की आडवी व्हायची. दुपारी मशीनवर काम करता करता अब्बांचा डोळा लागायचा. सुई बोटात घुसली की ते जागे व्हायचे. त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर त्याच्या खुणा होत्या. १९९६ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, अब्बा रात्री झोपले ते उठलेच नाहीत. मातीला आलेले लोक म्हणाले, ‘‘नशीबवान माणूस. कुणाला त्रास न देता झोपेत गेला.’’ आम्हालाही ते पटलं.

बायकोच्या बोलण्यानंतर मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका रात्रीची तपासणी करायला लावली. डोक्याला, छातीला, पायांना तारा लावून, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा अडकवून मला झोपवलं. सकाळी हाती आलेल्या कागदावर आकडा होता ४२. म्हणजे झोपेत तासाला बेचाळीस वेळा माझा श्वास अडत होता किंवा तोकडा पडत होता. सात तासांची झोप धरली तर रात्रीत जवळजवळ तीनशे वेळा. आणि मला त्यातली एकही वेळ आठवत नव्हती. या दुखण्याचं नाव स्लीप ॲप्निया. ॲप्निया हा ग्रीक शब्द, अर्थ श्वास नसणं.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण शब्दांचं वेड असलेल्या माणसाला नवा शब्द मिळाला की तो त्याचं मूळ शोधत निघतो. मी वाचनालयात गेलो, डॉक्टर मित्रांना छळलं आणि या दुखण्याच्या उपचारांचा इतिहास गोळा केला. तो इतका चमत्कारिक निघाला, की आपल्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी हे दुखणं काय ते थोडक्यात सांगतो. आपला घसा म्हणजे हाडांची नळी नव्हे. तो स्नायूंनी उघडा धरलेला मार्ग आहे. झोपेत स्नायू सैलावतात. मान जाड असेल, जबडा आत असेल, टॉन्सिल मोठे असतील किंवा माणूस उताणा झोपला असेल, तर जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागं पडतो आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना टाळू थरथरतो, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की घोरणंही थांबतं. घरचे म्हणतात, ‘चला, शांत झोपले.’ प्रत्यक्षात त्या वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरत असतो. शेवटी मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, मोठा आवाज होऊन हवा आत जाते आणि माणूस पुन्हा झोपतो. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला की डॉक्टर तो मोजतात. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. दिवसभराची गुंगी, सकाळची डोकेदुखी, चिडचिड, विसराळूपणा, वाढलेला रक्तदाब ही या रात्रींची वसुली असते.

आता इतिहासाकडे. या गोष्टीचं एक टोक इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सापडतं. काळ्या समुद्राच्या काठी, आजच्या तुर्कस्तानात, हेराक्लिया नावाचं ग्रीक नगर होतं. तिथला सत्ताधीश डायोनिसियस इतका लठ्ठ झाला, की त्याला श्वास घ्यायला जड जाऊ लागलं आणि झोपेत गुदमरण्याची भीती वाटू लागली. लोकांना भेटताना तो एका पेटीआड बसे, म्हणजे फक्त चेहरा दिसावा. त्याच्या वैद्यांनी एक उपाय काढला. लांब, बारीक सुया तयार करवल्या. राजाला गाढ झोप लागली की त्या त्याच्या कुशीत आणि पोटात खुपसायच्या. चरबीतून जाईपर्यंत त्याला काही कळत नसे. खालच्या मांसाला सुई लागली की तो जागा होई. अथेनियस या ग्रीक लेखकानं ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. डायोनिसियसनं तेहतीस वर्षं राज्य केलं आणि तो पंचावन्नाव्या वर्षी गेला.

हे वाचलं तेव्हा मला अब्बांची तर्जनी आठवली. राजाला सुई टोचायला वैद्य ठेवलेले होते. अब्बांचं काम त्यांच्या मशीननंच केलं.

या सुयांना उपचार म्हणायचं का? माझ्या मते म्हणायला हवं. झोप हाच धोका आहे आणि कुणीतरी जागं राहून त्या माणसाकडे लक्ष ठेवलं पाहिजे, एवढं त्या वैद्यांना कळलं होतं. पुढची दोन हजार वर्षं जग हे विसरून गेलं. घोरणारा आणि झोपाळू माणूस हा फक्त चेष्टेचा विषय उरला. आपल्याकडे कुंभकर्ण आहेच. इंग्रजीत त्याला मोठा मान मिळवून दिला तो चार्ल्स डिकन्सनं.

१८३६ साली चोविसाव्या वर्षी डिकन्सनं ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं लिहायला घेतली. तीत जो नावाचा एक नोकर पोरगा आहे. लठ्ठ, लाल चेहऱ्याचा, सतत खाणारा आणि कुठंही, कसाही झोपणारा. तो गाडीवर बसल्या बसल्या घोरतो. एका प्रसंगी तो एका दारावर न थांबता धडाधडा ठोकत राहतो. दार उघडल्यावर कळतं, की ठोकणं थांबवलं तर हा झोपी जाईल, म्हणून मालकानंच तशी ताकीद दिलेली आहे. वाचक हसले, पिढ्यान् पिढ्या हसत राहिले. पण डिकन्सची नजर किती बारीक होती पाहा. लठ्ठपणा, लाल चेहरा, घोरणं आणि दिवसाची झोप ही चारही लक्षणं त्यानं एकाच पोराच्या ठिकाणी एकत्र मांडली. कादंबरीकाराला जे दिसलं, ते वैद्यकाला नीट दिसायला आणखी सव्वाशे वर्षं लागली.

१९५६ साली अमेरिकेत बॉस्टनच्या बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांचा रुग्ण एक व्यावसायिक अधिकारी होता. आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर पत्ते खेळायचा. एके रात्री त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. पोकर खेळणाऱ्यांना ठाऊक आहे, असे पत्ते येणं म्हणजे भाग्य. पण डाव लावायच्या आधीच गृहस्थाला झोप लागली. हा माणूस त्यानंतर थोड्याच दिवसांत रुग्णालयात दाखल झाला. डॉक्टरांनी डिकन्सच्या जोची आठवण ठेवून या दुखण्याला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटलं. त्याचं वजन उतरवलं, तसा तो सुधारला. वजन कमी करणं हा आजही टिकून असलेला उपचार इथं नोंदला गेला. पण कारणाचा माग अर्धाच लागला. लठ्ठपणामुळं श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्याची गुंगी येते, असं त्यांनी मांडलं. या माणसाच्या रात्री कशा जातात, हे त्याच्या उशाशी बसून मोजलं गेलं नव्हतं.

ते काम झालं १९६५ साली आणि तेही दोन ठिकाणी. फ्रान्समध्ये मार्सेल इथं गास्तो आणि त्यांचे सहकारी, जर्मनीत फ्रायबुर्ग इथं युंग आणि कूलो. गंमत अशी, की ही फुफ्फुसांची डॉक्टर मंडळी नव्हती. ती मेंदूचे अभ्यासक होती. गास्तो तर फेफऱ्याच्या विकाराचे तज्ज्ञ. मेंदूतल्या विजेचा आलेख काढण्याचं तंत्र तोवर रुळलं होतं. १९५३ साली शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी स्वप्नांच्या वेळची डोळ्यांची हालचाल टिपली होती आणि झोप ही शास्त्रज्ञांच्या अभ्यासाची वस्तू झाली होती. या मंडळींनी लठ्ठ, झोपाळू रुग्णांना रात्रभर तारा लावून मेंदू आणि श्वास दोन्हींचे आलेख एकत्र काढले. तेव्हा कागदावर उमटलं, की श्वास रात्रीतून शेकडो वेळा थांबतोय आणि प्रत्येक वेळी मेंदू क्षणभर जागा होतोय. हा माणूस दिवसा झोपतो, कारण तो रात्री झोपलेलाच नसतो. इतकी साधी गोष्ट, पण ती कळायला कुणीतरी रात्रभर जागावं लागलं.

कारण कळलं, पण पहिला उपचार अघोरी होता. घशातली वाट मिटते ना, मग घशाच्या खालीच भोक पाडा. १९६९ साली फ्रायबुर्गच्या डॉक्टरांनी हा मार्ग प्रसिद्ध केला. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवायची. दिवसा तिला बूच लावायचं म्हणजे माणूस बोलू शकतो, रात्री बूच काढायचं. उपचार अघोरी, पण गुण जादूसारखा. वर्षानुवर्षं पेंगणारी माणसं ताजीतवानी झाली. इटलीत बोलोन्याच्या लुगारेसी यांच्या गटालाही हाच अनुभव आला.

१९७२ साली फ्रान्सचाच एक तरुण डॉक्टर, ख्रिस्तियाँ गिल्मिनो, अमेरिकेत स्टॅनफर्डला गेला. त्यानं हृदयरोगतज्ज्ञांना मध्यरात्री झोपेच्या प्रयोगशाळेत बोलावलं आणि श्वास थांबला की रक्तदाब कसा उसळतो ते दाखवून दिलं. १९७६ साली ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव त्याच्या लेखनातून रूढ झालं. हे दुखणं केवळ लठ्ठ माणसांचं नाही, बारीक माणसांना आणि लहान मुलांनाही होतं, हे त्यानं ठासून सांगितलं. पिकविकचा लठ्ठ पोरगा मागं पडला. मुलांच्या बाबतीत बहुतेकदा वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढले की श्वास मोकळा होतो. घोरणाऱ्या मुलाचं कौतुक करणाऱ्या आजी-आजोबांनी हे ध्यानात ठेवावं.

तरीही मोठ्या माणसांसाठी इलाज उरत होता तो गळ्याला भोक. आपल्यापैकी किती जण तयार होतील? १९८० च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका रुग्णानं हेच विचारलं. तो बांधकामावर काम करणारा होता. आजार तीव्र, पण गळा कापून घ्यायची तयारी नाही. त्याच्यासमोर डॉक्टर होते कॉलिन सलिव्हन. सलिव्हन यांनी त्याआधी कॅनडात टोरोंटोला झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासावर प्रयोग केले होते. त्यांच्या मनात एक कल्पना घोळत होती. हवेची नळी बाहेरून आधार देऊन उघडी ठेवता येत नाही, पण आतूनच हवेचा दाब दिला तर?

मी शिंप्याचा मुलगा आहे, म्हणून मला हे असं समजलं. वाळत घातलेल्या सदऱ्याची बाही लोंबत असते, तिच्या दोन्ही कडा चिकटलेल्या असतात. वारा शिरला की तीच बाही हात घातल्यासारखी फुगते. घशाचं तसंच. नाकावाटे हलक्या दाबाची हवा सतत सोडली, की घसा मिटत नाही.

सलिव्हन यांनी घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली. ती हवा ओढते, हिनं उलट फुंकायचं. रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क बनवला आणि हवा निसटू नये म्हणून तो चेहऱ्याला चक्क चिकटवला. दाब वाढवला की श्वास सुरळीत, दाब कमी केला की पुन्हा अडथळा. बटण फिरवून रोग चालू-बंद करता येत होता. मग दाब योग्य ठेवून त्याला झोपू दिलं. तो माणूस गाढ झोपला, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. सकाळी उठला तो ताजातवाना. एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांचा हा अनुभव छापून आला. या उपचाराला आज सीपॅप म्हणतात. ज्या रुग्णानं ‘नको’ म्हटलं, त्याचंही या शोधात श्रेय आहे असं मला वाटतं.

सुरुवातीला वैद्यकीय जगानं या फुंकणाऱ्या डब्याकडे संशयानंच पाहिलं. त्याच १९८१ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या फुजिता यांनी दुसरा मार्ग मांडला. पडजीभ, टॉन्सिल आणि टाळूचा सैल भाग कापून वाट रुंद करायची. ही शस्त्रक्रिया खूप झाली. काहींना गुण आला, अनेकांना पुरेसा आला नाही, कारण अडथळा प्रत्येकाच्या घशात एकाच जागी नसतो. पुढं जबडा पुढं सरकवण्याची शस्त्रक्रिया आली. दंतवैद्यांनी रात्री दातांवर बसवायचं, खालचा जबडा पुढं धरणारं साधन तयार केलं. सौम्य आणि मध्यम आजारात ते उपयोगी पडतं. सीपॅपची यंत्रंही लहान, मऊ आवाजाची होत गेली.

तोवर हा आजार किती पसरलाय, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. १९९३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या नोकरदारांची पाहणी प्रसिद्ध झाली. ३० ते ६० वयातल्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी ९ टक्के लोकांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा अडत होता. आपल्याकडे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हे प्रमाण १९.५ टक्के निघालं, आणि त्यासोबत दिवसाची गुंगी असलेले ७.५ टक्के. म्हणजे मुंबईच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या पेंगणारे सगळेच केवळ कामानं थकलेले नसतात. तरीही या दुखण्याचं नाव आपल्या घराघरांत पोचलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा. त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून हेच नाव सांगितलं होतं.

माझ्यापुढं डॉक्टरांनी हा सगळा इतिहासच पर्याय म्हणून मांडला. वजन उतरवा. उताणं झोपू नका. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका, दारू घेत असाल तर सोडा, दोन्हींनी घसा आणखी सैलावतो. तुमचा आकडा ४२ आहे, तेव्हा यंत्र लावा. कुशीवर झोपायचा सल्ला ऐकून मला अम्मी आठवली. कुणीही न शिकवता ती पंचवीस-तीस वर्षं तोच उपचार करत होती.

यंत्राशी माझं सुरुवातीला अजिबात जमलं नाही. मास्क घालून मी आरशात पाहिलं आणि ठरवलं, या अवस्थेत कुणी मला पाहता कामा नये. नातू म्हणाला, ‘‘नाना, तुम्ही हत्ती झालात.’’ नाक कोरडं पडायचं, मास्कच्या कडेनं हवा डोळ्यांत जायची. चार रात्रींनंतर मी यंत्र कपाटात ठेवलं. जगभर अनेक लोक हेच करतात. २०१६ साली एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेले २,७१७ रुग्ण त्यात होते. यंत्रामुळं पुढचे झटके टळल्याचं त्यात दिसलं नाही, मात्र दिवसाची गुंगी आणि मनाची मरगळ कमी झाली. आणि एक आकडा असा होता, की यंत्र दिलेल्या लोकांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं. तेव्हा यंत्र म्हणजे अमृत, असं मी म्हणणार नाही. पण कपाटातलं यंत्र कुणालाच बरं करत नाही, हेही खरं. मी डॉक्टरांकडे परत गेलो. त्यांनी मास्कचा आकार बदलून दिला, हवा दमट करणारं भांडं जोडलं, आणि दिवसा वर्तमानपत्र वाचताना तासभर लावायची सवय करायला सांगितली. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे मला फजरच्या अजाननं जाग आली. त्याआधी कितीतरी वर्षं गजर, हाक आणि हलवणं या तीन गोष्टींशिवाय मी उठलो नव्हतो. डोकं हलकं होतं. त्या दिवशी दुपारी मी जागा होतो, हे माझ्या कार्यालयातल्या शिपायानंही टिपलं.

इतिहास इथं संपत नाही. २०१४ साली अमेरिकेत जिभेच्या नसेला झोपेत हलका विजेचा संकेत देणाऱ्या, छातीत बसवायच्या यंत्राला मान्यता मिळाली. १२६ रुग्णांच्या अभ्यासात तासाचा आकडा २९.३ वरून ९ वर आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये तिथंच टिरझेपॅटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन लठ्ठ माणसांच्या मध्यम आणि तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मंजूर झालं. या आजारासाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध. भारतात ते २०२५ साली मधुमेह आणि लठ्ठपणासाठी आलं. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. उलट बाजूही आहे. २०२१ साली एका बड्या परदेशी कंपनीला आतल्या फोमचा भुगा होऊन श्वासात जाण्याच्या भीतीनं आपली लाखो यंत्रं परत बोलवावी लागली. वापरलेलं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी चौकशी करूनच घ्यावं.

कवी म्हणून मला सर्वांत आवडलेले दोन प्रयोग सांगतो. २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये २५ रुग्णांपैकी काहींना ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं डिजरीडू हे लांबलचक वाद्य चार महिने फुंकायला लावलं. घशाचे स्नायू बळकट झाले, दिवसाची गुंगी कमी झाली. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर असाच अभ्यास प्रसिद्ध केला, वाद्य होतं आपला शंख. सहा महिने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची गुंगी ३४ टक्क्यांनी उतरली, श्वास अडण्याचं प्रमाणही तासाला चार-पाचनं घटलं. अभ्यास लहान आहेत. माझ्या ४२ ला शंख पुरणार नाही. पण सनई, शंख, शिंग फुंकणाऱ्या गावागावांतल्या माणसांकडे मी आता वेगळ्या नजरेनं पाहतो.

अब्बांना हाच आजार होता का? मी तसा दावा करू शकत नाही. त्यांची रात्र कुणी मोजली नाही. सलिव्हन यांचा निबंध छापला गेला तेव्हा अब्बा शेहेचाळीस वर्षांचे होते आणि त्यानंतर पंधरा वर्षं जगले. सिडनीतली ती हवा मिरजेतल्या आमच्या गल्लीपर्यंत पोचली नाही, एवढंच मी म्हणू शकतो. ‘झोपेत गेला, नशीबवान,’ हे वाक्य मात्र मी आता कुणाच्या दारात उच्चारत नाही.

आणि एक गोष्ट राहिली. यंत्र लागल्यावर माझं घोरणं बंद झालं. घरात शांतता आली आणि एका रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा त्या शांततेत मला दुसरं घोरणं ऐकू आलं. हलकं, अडखळणारं. मग ते थांबलं. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि मोजू लागलो. अकरा, बारा, तेरा. मग तिनं जोरात श्वास घेतला आणि कूस बदलली.

तीस वर्षं माझी बायको माझ्या उशाशी जागी होती. माझ्या आवाजात तिचा आवाज मला कधी ऐकूच आला नव्हता. सकाळी विचारलं तर म्हणाली, ‘‘मला कसली आलीय झोप? सारखं थकल्यासारखं वाटतं, वयामुळं असेल.’’ डॉक्टर म्हणाले, पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये हा आजार वाढतो. त्या मोठ्यानं घोरतीलच असं नाही, थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं अशा तक्रारी करतात आणि म्हणून त्यांचा आजार निसटून जातो. मला वाटतं, आणखी एक कारण आहे. त्यांच्या उशाशी जागणारं बहुधा कुणी नसतं.

घोरणाऱ्याला त्याचा आजार कधीच दिसत नाही. तो कुणीतरी दुसऱ्यानं पाहावा लागतो. सुया घेऊन बसलेले वैद्य, कागदावरच्या रेषा पाहत रात्र काढणारे मार्सेलचे डॉक्टर, बटणावर हात ठेवून बसलेले सलिव्हन आणि अंधारात खांद्यावर हात ठेवणारी माझी अम्मी, हे सगळे एकच काम करत होते. आज रात्री आपल्या घरातल्या घोरणाऱ्याजवळ पाच मिनिटं बसून पाहा. घोरणं मध्येच थांबत असेल, तर किती सेकंद ते मोजा आणि तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा.

येत्या मंगळवारी रात्री माझ्या बायकोची तपासणी आहे. ती म्हणतेय, एकटी झोपायची सवय नाही. मी खुर्ची टाकून बाहेर बसणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)